काकूची हनुवटी

ऐंशी सालाच्या आसपास सानगडीत एक विद्यार्थी आला होता. त्याचं नाव कुणी घेतलंच नाही. सगळा गाव त्याला 'बकरीवाले मास्तर' म्हणायचा. जनावरं शिकतात कशी, यावर त्याला मोठी पदवी घ्यायची होती आणि त्यासाठी त्याने आमच्या काकूची बकरी निवडली होती.

अंगणात तो लाल आणि निळं अशी दोन झाकणं मांडायचा. दाणे कायम लाल झाकणाखाली. मग चपला काढून, चष्म्याची काडी चावत, श्वास रोखून उभा राहायचा. बकरी मोठ्या रुबाबात निळं झाकण उलथायची. ती शिकली नाही तर प्रबंध बुडाला. बिचाऱ्याचं जेवण सुटलं.

एका सकाळी मात्र बकरी थबकली, तिने मागे पाहिलं आणि ती थेट लाल झाकणाकडे गेली. पुन्हा मांडलं, पुन्हा तेच. तो हर्षाने वळला, तर दारात काकू उभी. बकरी तिच्याकडे पाहायची आणि काकू हनुवटीने लाल झाकण दाखवायची.

"काकू, तुम्ही शिकवलंत हिला?"

"तू जेवूनच नाही राहिला गा. मंग मलेच शिकवा लागलं."

तो मटकन पायरीवर बसला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. "आता विषयच बदलतो. बकरी तुमच्या तोंडाकडे काहून पाहते, ते शोधतो. आधी वाढा."

काम संपवून तो निघाला, तेव्हा बकरी त्याच्यामागे फाटकापर्यंत गेली, थांबली आणि आता कुठे जायचं म्हणून वळून काकूकडे पाहू लागली.

काकूने हनुवटी पदराआड धरली होती.