इंजिनाच्या पायातली वाळू

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे इंजिन धुणं.

वैनगंगेच्या या काठी आमचं गाव, समोरच्या काठी मार्कंड्याची देवळं. पावसाळ्यात गावामागचा नाला चढला की सडक बंद. मग बाजार असो की दवाखाना, सगळं नदीपलीकडे. मी घाटावर डोंगा चालवायचो. माझ्या बापानं तो बांबूनं अन् वल्ह्यानं चालवला, मी मागे रॉकेलचं इंजिन लावलं.

हे इंजिन नदीचंच पाणी ओढून स्वतःला थंड ठेवते आणि मागच्या बारीक भोकातून ते बाहेर टाकते. घाटावरचे लोक म्हणत, इंजिन मुतते. बायको मात्र धार म्हणायची. भादव्यात नदीचं पाणी म्हणजे पातळ चिखल. तो चिखल आत तसाच राहिला तर वाळू बसते, पंपातलं रबराचं चक्र झिजते, आणि एक दिवस भर नदीत इंजिन तापून बंद पडते. म्हणून शेवटची खेप झाली की आम्ही इंजिन काढायचो. बांबूला बांधून एक टोक तिच्या खांद्यावर, एक माझ्या. विहिरीजवळ लाकडी घोडी होती, तिच्यावर अडकवायचं, पाय ड्रममध्ये सोडायचा. पाय म्हणजे पाण्यात राहणारा खालचा भाग, ज्याला पंखा असतो. ड्रममध्ये विहिरीचं पाणी भरून इंजिन हळू चालू करायचं. धार आधी मातकट येते. ड्रममधलं पाणी बदलत राहायचं, धार स्वच्छ होईपर्यंत.

विहिरीतून पाणी ओढून गुंडानं, म्हणजे घागरीनं, ड्रममध्ये ओतायचं काम तिचं. धारेखाली बोट धरून पाहायचं कामही तिचंच. आंघोळीच्या पाण्याइतकी कोमट असली तर ठीक, चटका बसला तर आत काहीतरी अडकलं. माझ्या हातांना ते समजत नसे. माझे हात वल्ह्यानं राठ झालेले.

त्या दिवशी उन्हं उतरायला लागली होती. तिनं गुंडभर पाणी ओतलं आणि थांबली.

"डावा हात जड पडून राह्यला," ती म्हणाली.

"बांबूनं दाबला असंन."

"इंजिनले रोज आंघोळ घालता. मी बसली त लगेच तोंड वाकडं होते तुमचं."

"धार अजून गढूळ हाये. ओत दोन गुंड, मंग बस जितकं बसायचं तितकं."

तिनं ओतले. मी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, धारेकडे पाहत होतो. धार स्वच्छ झाली, पण बारीक पडली. तिनं बोट धरलं आणि झटकन मागे घेतलं.

"गरम हाये. आत वाळू बसली."

"खोलतो मंग."

"आज राहू द्या ना. उद्या खोला."

"उद्या बाजार हाये. पहाटेपासून लोकं घाटावर बसतात, त्याइले काय सांगू?"

मी ड्रम बाजूला केला, बोल्ट काढले, पाय इंजिनापासून सोडवला आणि पोत्यावर आडवा ठेवला. पंपाचं झाकण उघडलं. रबराच्या चक्राच्या पाकळ्यांमध्ये वाळू घट्ट बसली होती, लाडू वळावा तशी. मी खूश झालो. खरं सांगतो, खूश झालो. म्हटलं, पाह्य, उद्यावर टाकलं असतं तर काय झालं असतं. तिला दाखवायला मान वळवली.

ती विहिरीच्या कठड्याला पाठ टेकून बसली होती. कपाळावरून घाम वाहत होता, हवा गार असून.

"काऊन, काय झालं?"

"छातीवर कोणी बसल्यावाणी वाटते."

माझा शेजारी हाक मारल्याबरोबर आला. तो माझ्याबरोबरीचा, मासे धरणारा. त्यानं तिचे हात चोळले आणि म्हणाला, "भाऊ, दवाखान्यात न्या लागते. आत्ताच."

दवाखाना पलीकडे. नदी दोन्ही काठ भरून वाहत होती. त्या पुरात वल्ह्यानं गेलो असतो तर नदीच्या ओढीनं कुठं नेऊन टाकलं असतं कोण जाणे. आणि इंजिन अर्धं घोडीवर, अर्धं पोत्यावर होतं, तुकड्या तुकड्यांत.

आता मी काय केलं ते लिहितो. झाकण तसंच बसवून, पाय जोडून निघायला हवं होतं; एक खेप कदाचित निभली असती. मी तसं केलं नाही. मी चक्र बाहेर काढलं आणि गुंडातल्या पाण्यात धुतलं. पाकळी पाकळी उघडून धुतलं. पंपाची वाटी धुतली, नळी फुंकून पाहिली. इतकी वर्षं वाळू असलेल्या पंपावर मी कधी झाकण लावलं नव्हतं, आणि माझे हात तेव्हाही माझं ऐकेनात. की मीच त्यांना थांबवलं नाही, ते मला आजही समजत नाही.

"लवकर करा ना भाऊ," शेजारी म्हणाला.

तीच म्हणाली, "करू द्या. वाळू राह्यली त भर नदीत बंद पडंन."

ती असं म्हणाली हे खरं आहे. पण दुखणं तिचं होतं. आजारी माणूस काय म्हणतो त्याच्या आड मी लपावं, हे बरं नाही.

पाय जोडताना त्याचा वरचा दांडा इंजिनाच्या भोकात बसेना. दोनदा घसरला. शेवटी बसला. शेजाऱ्यानं आणि मी इंजिन घाटावर नेलं, मग तिला खाटेवर घालून आणलं. डोंग्यात तळाला पोतं टाकून तिला निजवलं, डोकं शेजाऱ्याच्या मांडीवर. दोरी ओढल्याबरोबर इंजिन चालू झालं. धार जाड, सरळ पडत होती. भर नदीत तिनं हात वर केला आणि मागे धारेकडे नेला. पोचला नाही. मी इंजिनाच्या मुठीवरचा एक हात सोडून तिची बोटं धारेखाली धरली.

"ठीक हाये," ती म्हणाली.

नंतर ती बोलली नाही. पलीकडे जीप मिळाली, दवाखानाही उघडा होता. डॉक्टरनं छाती तपासली, डोळे पाहिले आणि चादर वर ओढली. तो चांगला माणूस होता. थोडं आधी आणलं असतं तर, असं काही म्हणाला नाही. मीही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याला उत्तर द्यावं लागलं असतं.

मुलगी ब्रह्मपुरीला दिलेली. सकाळी ती मार्कंड्याच्या घाटावर आली तेव्हा आम्ही तिच्या आईला डोंग्यात ठेवत होतो. रडणं झाल्यावर तिनं शेजाऱ्याला विचारलं, "काका, कसं झालं?"

शेजारी मनाचा मोठा. म्हणाला, "बाई, तुह्या बापानं खुल्लं पडलेलं इंजिन पाहता पाहता जोडलं. दुसरा कोणी असता त हात थरथरले असते त्याचे. तुह्या मायसाठी त्यानं काहीच बाकी ठेवलं नाई."

मुलगी माझ्याजवळ आली आणि माझ्या हाताला हात लावला. म्हणाली, "बाबा, मले ठाऊक हाये."

मी हात काढून घेतला. डोंग्यात बसलो, इंजिन चालू केलं. पाऊस नव्हता, बारीक भुरभूर होती. मुलगी आईच्या पायाशी बसली होती. अर्ध्या नदीत आल्यावर माझ्यानं राहवेना. इंजिनाच्या आवाजात बोलता येत नव्हतं, म्हणून मी ते बंद केलं. डोंगा आडवा झाला आणि प्रवाहाबरोबर खाली जाऊ लागला.

"भाऊ, हे काय करून राह्यले?" म्हणत शेजाऱ्यानं वल्हं उचललं.

मी मुलीला सांगितलं. म्हटलं, "तुही माय म्हणे हात जड झाला, मी म्हटलं अजून पाणी ओत. ती म्हणे उद्या खोला, मी आज खोललं. ती घामानं भिजून बसली होती अन् मी वाळू धूत होतो. हे काका म्हणतात ते खरं नाई."

शेजारी खाली मान घालून वल्हं मारत होता, पण डोंगा काही सरळ होत नव्हता. देवळं मागे जाऊ लागली.

मुलीनं पदराचं टोक पिळलं आणि आईच्या तोंडावरचं पाणी पुसलं. मग म्हणाली, "इंजिन चालू करा बाबा. माय भिजून राह्यली."

मी दोरी ओढली आणि डोंगा गावच्या काठाकडे वळवला.