शिवेबाहेरचं बिस्कीट

आमच्या थोरल्या भावोजींइतका दिल्या शब्दाला जागणारा माणूस आमच्या गावात दुसरा नाही, आणि त्यांच्याइतका चहाबाज तर अख्ख्या वेंगुर्ले तालुक्यात नसेल. या दोन गोष्टी एकाच माणसात आल्या की घराचं काय होतं, ते मला विचारावं. कारण त्या घराची चूल माझ्याकडे आहे.

भावोजी म्हणजे आमच्या ह्यांचे मोठे भाऊ. उभा जन्म त्यांनी मुंबईच्या गोदीत काढला. बायको गेली, नोकरी संपली, तेव्हा मुलाचा संसार मुंबईला ठेवून ते गावी आमच्याकडे राहायला आले. येताना एक ट्रंक आणली आणि एक राग आणला. राग होता डाळीवर. गोदीत परदेशातून बोटी भरभरून आलेल्या डाळी त्यांनी उतरताना पाहिल्या होत्या, आणि त्या पोत्यांवर पाय पसरून झोपलेले उंदीरही पाहिले होते. मी केलेल्या आमटीचा भुरका घेतला की म्हणायचे, "ह्या डाळीन माझ्यापेक्षा जास्त दुनिया बघलेली आसा!" आणि वाटी बाजूला सारायचे. मी घरच्या कुळथाची पिठी ढवळायला घ्यायची. थोरल्या दिरांसमोर मी फारशी बोलत नाही, त्यामुळे आमचं पटतं.

पण भावोजींचं समाधान वाटी सारून होईना. गेल्याच्या गेल्या दसऱ्याला सगळा गाव देवळात जमलेला असताना ते उठले आणि ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा! आजपासून येत्या दसऱ्यापर्यंत माझ्या घरात, माझ्या पानावर, शिवेभायरचो कण येवचो नाय!" गावाने नेहमीच्या सवयीने "व्हय म्हाराजा!" अशी आरोळी ठोकली. गाऱ्हाणं पक्कं झालं. भावोजी छाती काढून बाहेर आले, एका पायात वहाण घातली, आणि दुसरी घालायच्या आतच थिजले. चहा आपल्या शिवेत पिकत नाही, हे त्यांना तेव्हा आठवलं.

आमच्या ह्यांना हसू आवरेना. "दादा, आता काय करतलास?" भावोजींनी दुसरी वहाण घातली आणि म्हणाले, "शब्द तो शब्द." घरी येऊन त्यांनी चहाची पूड आणि साखर शेजारणीला नेऊन दिली, आणि ती देताना पुडीचा एक दीर्घ वास घेतला.

पहिला महिना मजेत गेला. आमच्याकडची दिवाळी पोह्यांची, तांदूळ घरचा, नारळ घरचा, गूळ खालच्या वाडीतल्या उसाचा. भावोजी प्रत्येक घासाला "बघलंस?" म्हणत होते. मग मीठ संपलं. मिठागर शिरोड्याला, म्हणजे शिवेबाहेर. भावोजींनी समुद्राचं पाणी हंड्यांनी आणून अंगणात कढवलं. लाकडांचा भारा जळाला आणि हाती आलं ते मूठभर करडं, कडवट, वाळू लागलेलं मीठ. ते चिमटीत धरून सोन्यासारखं दाखवत ते वाडीभर फिरले. आम्ही बांगड्याचं सार चावून चावून खाल्लं. पुढे खोबरेल काढायची वेळ आली तर घाणा तालुक्याला. आपलं खोबरं बाहेर जाऊन तेल होऊन आलं, तर ते तेल आपलं की परकं? दिवसभर विचार करून भावोजींनी निकाल दिला. "माणूस तालुक्याक जावन इलो म्हणान परको होता काय?" तेल घरात आलं. आमचे हे रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढायला जातात. पानातल्या मासळीकडे बोट दाखवून त्यांनी एकदा विचारलं, "दादा, ह्या तारल्यांक इचारलंस काय, खंयच्या गावची ती?" "आमच्या रापणीत गावली ती आमची," भावोजी म्हणाले, आणि आणखी वाढून घेतलं.

चहावर मात्र निकाल सापडेना. मी गवती चहा उकळून गूळ घालून द्यायची. तो ते औषधासारखा डोळे मिटून प्यायचे. संध्याकाळी एस्टी थांब्यावरच्या टपरीपाशी जाऊन उभे राहायचे. टपरीवाला म्हणायचा, "काय काका, वास घेवक इलास?" "टपरी शिवेत आसा," भावोजी ताठ मानेने सांगायचे, "वासाक हरकत नाय."

मे महिन्यात मुंबईहून त्यांचा मुलगा, सून आणि सहा वर्षांची नात आली. बायको गेल्यापासून मुलाचं येणं कमी झालं होतं. या वेळी आठ दिवस राहायचं ठरलं होतं, आणि भावोजी आठवडाभर आधीपासून अंगण झाडत होते. सुनेने पोरीसाठी बिस्किटं आणली होती. नवस कळल्यावर तिने बिचारीने पुडे परत पिशवीत भरले. घरात नको म्हणून पिशवी अंगणातल्या फणसाला टांगली. सकाळी पिशवीत बिस्किटं कमी आणि तांबड्या मुंग्या जास्त होत्या. पोरीने पेज बघितली, पिठी बघितली, आणि भोकाड पसरलं. "मला मुंबईला जायचंय!" दिवसभर तिने पोटात काही घेतलं नाही. संध्याकाळी मुलगा हळूच म्हणाला, "बाबा, उद्याच्या गाडीने निघतो आम्ही. तुमचा शब्द मोडायला नको."

भावोजी त्या रात्री जेवले नाहीत. सकाळी नातीचा हात धरला आणि मला म्हणाले, "चल गो, कौल घेवया." मी पूजेचं ताट घेऊन मागून निघाले.

गुरवाने देवाच्या दोन्ही अंगांना पाण्याने फुलाच्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. भावोजी हात जोडून उभे राहिले. डाळींची हजेरी घेणारा त्यांचा आवाज त्या दिवशी कुठे गेला होता कोण जाणे. "बा देवा म्हाराजा... शब्द मी दिलंय, चेडवान नाय. तिका एक बिस्किटाचो पुडो घरात हाडूक हुकूम दी. पोरांका गाडयेत बसू दिव नको." पुढे ओ द्यायला गुरवाशिवाय कोणी नव्हतं. मी खांबाआड होते. कसं कोण जाणे, माझ्याच तोंडून मोठ्याने निघालं, "व्हय म्हाराजा!" भावोजींनी वळून पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाकळी पडेना. ऊन चढलं. गुरव म्हणाला, "देव इचार करता." पोर कंटाळली आणि शेजारीच असलेल्या गुरवाच्या अंगणात गेली. तिथे गुरवीण काप्या फणसाचे गरे काढत होती. थोड्या वेळाने मी डोकावले, तर आमची उपाशी पोर कोपरापर्यंत चिकट होऊन गरे खात बसली होती. तोंड भरलेलं, एक डोळा पुढच्या गऱ्यावर. तेवढ्यात आतून गुरव ओरडला, "उजवो दिल्यान!"

भावोजी धोतर सावरत दुकानात धावले. पुडा नातीच्या हातात ठेवला तेव्हा ती म्हणाली, "आधी गरे." दुपारी मात्र तिने बिस्किटंही खाल्ली आणि एक आजोबांपुढे धरलं.

"माका हुकूम नाय गो," भावोजी म्हणाले.

"मग कधी आहे?"

"दसऱ्याक."

तिने ते बिस्कीट कागदात गुंडाळलं आणि तांदळाच्या डब्यात खोल खुपसून ठेवलं. गाडी चुकली ती चुकलीच. पोरं आठही दिवस राहिली.

दसऱ्याला नवस फिटला. देवळात भावोजी पुन्हा गाऱ्हाण्याला उठले तेव्हा घरात मीठ किती उरलंय ते मी मनातल्या मनात मोजायला लागले. पण ते एवढंच म्हणाले, "बा देवा म्हाराजा, पोरांची वाट इकडे वळव," आणि बसले. घरी मी चहा केला. पूड जास्त, साखर जास्त. भावोजींनी तांदळात हात घालून कागद काढला. पावसाळा खाल्लेलं ते बिस्कीट मऊ पडलं होतं. त्यांनी त्याचे दोन तुकडे केले आणि एक माझ्यापुढे धरला. "घे. शिवेभायरचा न्हय ता. सगळो पावस आमच्या तांदळात रवला."

आता पुन्हा मे जवळ आलाय. अंगणातल्या फणसाला खालच्या अंगाला एक मोठा फणस धरलाय. भावोजींनी त्याला गोणपाट बांधलंय आणि त्याला कोणी हात लावायचा नाही असं बजावलंय. मुंबईहून 'येतो' असा फोन अजून आलेला नाही. पोरीला सुट्टीत कसले तरी क्लास आहेत म्हणे. रोज सकाळी चहाचा कप हातात घेऊन भावोजी त्या फणसापाशी जातात, गोणपाट बाजूला करून बोटाने टिचकी मारतात, कान लावून ऐकतात.

"अजून कच्चो आसा," मी काही विचारलेलं नसताना ते मला सांगतात. "बरा झाला. घाय नाय."