अध्यक्षांचं खातं

आमच्या वाचनालयाच्या संगणकावर परवाना न घेता टाकलेली, चोरीची कार्यप्रणाली चालणार नाही, हा हट्ट माझा. चळवळीची पत्रकं वाटणाऱ्या घरात वाढलेय मी. सर्वांच्या मालकीची, युनिक्स घराण्यातली प्रणाली मोफत मिळत असताना चोरी कशाला? ती मीच बसवली.

तिच्यातली एक सोय मला फार प्रिय आहे. बदल करण्याआधी चालू प्रणालीची प्रत नाव देऊन बाजूला ठेवायची. पुढे बिघडलं, तर संगणक सुरू होताना यादीतून ती जुनी निवडायची. याला बूट एन्व्हायर्नमेंट म्हणतात. सभासदांचं लिखाण वेगळ्या कप्प्यात असतं, त्यामुळे मागे गेलं तरी त्याला धक्का लागत नाही. कार्यकारिणीत हे मी दोनदा समजावलं होतं. सगळ्यांनी मान डोलावली होती.

यंदा पंचायतीने वाचनालयाची खोली एका पतसंस्थेला द्यायचं काढलं. सोमवारी ग्रामसभा. आमचे अध्यक्ष, आबा, पंधरा दिवस दोन बोटांनी विरोधाचं पत्रक टाइप करत होते. शनिवारी दुपारपर्यंत ते जामनेरच्या छापखान्यात पोचलं नाही, तर सोमवारी आमच्या हातात कागदच नसणार होता.

आणि शनिवारी सकाळी मी प्रणाली अद्ययावत केली. नवी प्रतही ठेवली नाही. महिन्यापूर्वीची होतीच ना. पडदा काळा झाला. मी ऐटीत ती जुनी प्रत निवडली. सगळं सुरू झालं. आबा खुर्चीत बसले, शोधू लागले. पत्रक नव्हतं.

आबा मूळचे अमळनेरकडचे, चिडले की अहिराणीवर येतात. "मन्हं लिखेल कोठे शे?"

"आबा, तुम्ही कोणत्या नावाने आत शिरता?"

"रूट."

"ते खातं फक्त दुरुस्तीसाठी असतं."

"तूच सांगितलं ना, ते सगळ्यात वरचं. अध्यक्षाने सभासदाच्या दारातून का जायचं?"

कपाळावर हात मारावा की टेबलावर, कळेना. रूटचं घर, म्हणजे त्याचं लिखाण साठतं ती जागा, वेगळ्या कप्प्यात नाही, प्रणालीच्याच पोटात असते. प्रणाली महिनाभर मागे गेली, तशी तीही गेली. माणसांत वर-खाली नको म्हणून भाषणं देणारी मी, आणि आबांनी मागितल्याबरोबर तो पासवर्ड कागदावर लिहून देणारीही मीच. नाही म्हणायची लाज वाटली होती.

"बठ्ठं गयं का?" आबांचा आवाज खाली आला.

काहीच गेलं नव्हतं. बिघडलेली प्रणाली अजून यादीत होती. सुरू होत नसली तरी तिच्या आत डोकावता येतं. एक आज्ञा देऊन ती एका फोल्डरला जोडली, रूटचं घर उघडलं. पत्रक तिथे होतं, शेवटच्या ओळीपर्यंत. मी ते आबांच्या स्वतःच्या खात्यात आणून ठेवलं आणि त्यांच्यादेखत रूटचा पासवर्ड बदलला.

"म्हणजे मला पदावरून काढलं," आबा म्हणाले.

"पत्रक वाचवलं, आबा."

"दोन्ही केलंस."

त्यांनी चष्मा पुसला आणि सभासदाच्या दाराने आत शिरून तिसऱ्या परिच्छेदातला एक काना दुरुस्त केला. मी पेन ड्राइव्ह घेऊन जामनेरची गाडी गाठायला पळाले.