ग्यानीरामची एकशे पस्तीस किलोमीटरची सोयरिक

गोंदियाजवळच्या कुडव्याच्या चौकात ग्यानीरामचं पंक्चरचं दुकान आहे. ट्यूब पाण्यात बुडते आणि गावाची बातमी वर येते. पंक्चर काढता काढता म्हाताऱ्याने बेचाळीस सोयरिकी जुळवल्या. एकही मोडली नाही, असं तो सांगतो. दोन मोडल्या, पण त्यांची आठवण काढणाऱ्याच्या चाकात हवा कमी भरली जाते.

त्रेचाळिसावी अनुसयाबाईच्या ओमेश्वरीची. पोरगी बँकेत, बदली झाली थेट लडाखात, दिस्कीटला. तिकडे समाजातला पोरगा कुठून मिळणार? ग्यानीरामने काढला शोधून. तिरोड्याकडचा टिकेश, रस्त्याच्या कामावर, तोही लडाखातच, पदुमला. ग्यानीरामने मोबाइलच्या नकाशात एका गावावरून दुसऱ्या गावावर सरळ रेघ ओढली. एकशे पस्तीस किलोमीटर! गोंदिया-नागपूरएवढंच, सकाळी निघालं की पोरगा जेवायला पोरीकडे, असं त्याने अनुसयाबाईला पटवलं. साक्षगंध थाटात झालं, अंगठ्याही घातल्या.

रेघ हवेतली होती, हे कोणाच्या लक्षात यावं? पुढे टिकेश ओमेश्वरीला भेटायला निघाला, तेव्हा डोंगरातली वाट साडेपाचशेच्या वर निघाली. एका घाटात बर्फ पडला. जायलाच तीन दिवस लागले. हिवाळ्यात हेलिकॉप्टर उडतं म्हणे, पण जागेसाठी यादीत नाव लावून बसायचं.

हे सगळं कुडव्यात पोहोचायला तीन मिनिटं पुरली. दुपारपर्यंत गावाने सोयरिक मोडलीसुद्धा. टिकेशने अंगठी परत पाठवली, असंही कोणीतरी पाहून आलं.

ग्यानीरामने ताप आल्याचं सांगून दोन दिवस शटर ओढून घेतलं. तिसऱ्या दिवशी उघडलं, तर समोर अनुसयाबाई.

"भाऊ, तुम्ही पाखराची वाट मोजली. माह्या जावयाले पंख हायेत का?"

ग्यानीरामने डोक्यावरची टोपी काढली. म्हणाला, चूक माझी आहे, पोरीला अडकवून ठेवू नका; टिकेशच्या घरी मीच जाऊन सांगतो. त्रेचाळिसावी गेली तर जाऊ द्या.

अनुसयाबाईने ओमेश्वरीला फोन लावला आणि त्याच्या हातात दिला. ग्यानीरामने माफी मागायला सुरुवात केली, तर पोरीने त्याला मध्येच थांबवलं.

"काकाजी, तो तीन दिवस ट्रकमध्ये बसून आला, अन् सुट्टी संपली म्हणून दोन घंट्यात परत गेला. तेवढ्यात त्यानं माहा गोठलेला नळ मोकळा करून देला. रस्ता एवढा लांब हाय हे आधी मालूम असतं, तर मी नाहीच म्हटलं असतं. आता मालूम हाय, अन् हो म्हणून राहिली."

दोघांनीही लेहला बदली मागितली होती, हेही तिने सांगितलं. बदली नाही मिळाली तर, असं शेजारून आईने विचारलं. तर एका सुट्टीत तो येईल, पुढच्या सुट्टीत मी जाईन, असं पोरगी म्हणाली आणि बँक उघडायची वेळ झाली म्हणून फोन ठेवला.

अनुसयाबाई जुन्या टायरवर बसली. पदराने तोंड पुसलं. मग म्हणाली, "लगन मे महिन्यात. मोडली म्हणून जे जे सांगून राहिले, त्यांच्या घरी तुम्हीच जा लगनाचं सांगाले. अन् आजच जा."

ग्यानीरामने हात धुतले, टोपी झटकली आणि सगळ्यात आधी चंद्रकुमारच्या घराकडे निघाला. अंगठी परत पाठवल्याची अफवा तिथूनच सुटली होती. चहा घेतल्याशिवाय तिथून उठायचं नाही, असं त्याने चालता चालता ठरवून टाकलं.