दोन मिनिटांचा नाच

आमच्या कसबा बावड्यात मोबाईलमध्ये गाणी घालून घेण्याला ‘चिप भरणं’ म्हणत. चिप म्हणजे नखाएवढं मेमरी कार्ड. दोन हजार सालानंतरची सहा-सात वर्षं गेली असतील, तेव्हा नाक्यानाक्यावर अशी दुकानं झाली होती. गिरणीत दळणाचा डबा ठेवावा तसा मोबाईल दुकानात ठेवायचा, भाजी आणायला जायचं आणि परत येताना भरलेला मोबाईल न्यायचा. दुकानदार एवढंच विचारायचा, “काय भरू? भक्तिगीतं, जुनी का डीजे?” वीस रुपयांत अडीचशे गाणी, म्हणजे एक गाणं आठ पैशाला. मी एका सहकारी संस्थेत हिशेबनीस होतो. इतकं स्वस्त बाजारात दुसरं काही मिळत नाही, हे मी चारचौघांना सांगितलंही होतं.

आमच्या घरात मोबाईल एकच. तो कुणाच्या खिशात नसायचा, टीव्हीवर ठेवलेला असायचा, ज्याला लागेल तो घ्यायचा. घरात आम्ही नवरा-बायको आणि माझी भाची. ही माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, मलकापूरची. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. करायला ती आमच्याकडे राहिली होती. पहिल्या वर्षी अडुसष्ट टक्के, दुसऱ्या वर्षी चौऱ्याहत्तर. तिसरं वर्ष चालू होतं. पदवी मिळाली की एखाद्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी मिळेल, असा तिचा अंदाज होता आणि मला तो बरोबर वाटत होता.

दिवाळीनंतर माझ्या मुलीचं डोहाळेजेवण आमच्या घरी झालं. रीतीप्रमाणे आत बायका आणि बाहेर पुरुष. आम्ही ओट्यावर खुर्च्या टाकून उसाच्या दराचं बोलत होतो. आतून टाळ्या ऐकू येत होत्या. भाची पदर खोचून लावणीवर नाचली आणि बायकोनं ते मोबाईलवर घेतलं. दोन मिनिटांचं चित्रण. हे मला नंतर समजलं. मी घरातला कर्ता माणूस, पण तो नाच मी पाहिला नव्हता. पाहायची पद्धतच नव्हती.

पुढच्या आठवड्यात बायकोनं अभंग घालून घ्यायला तो मोबाईल दुकानात दिला.

कारखान्याचा गळीत हंगाम चालू होता. रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली असायची. एका सकाळी मी त्या रस्त्यावरच्या टपरीत चहाला थांबलो. बाकावर दोन-तीन ट्रॅक्टरवाले मोबाईलवर डोकं घालून बसले होते. त्यातला एक हातकणंगल्याकडचा, तोंडओळखही नव्हती. त्यानं सरकून मला जागा दिली आणि मोबाईल पुढं केला.

“पावणं, हे बघा की. तमाशातली न्हाय ही. घरातली हाय बघा कुणाच्या तरी.”

मला आधी आमची फळी दिसली. तिच्यावरचे स्टीलचे डबे, शेजारी दूधसंघाचं कॅलेंडर. मग चेहरा दिसला.

“ही माझी भाची आहे,” मी म्हणालो.

त्या माणसानं घाईघाईनं बटणं दाबली आणि मोबाईल माझ्यापुढं धरला. “गेलं बघा पावणं. पुसलं. मला काय म्हाईत? चुकलं.”

“तुम्हाला दिलं कुणी?”

“ब्लूटूथवर आलं. मिरजेला गेलतो तवा एकानं टाकलं. त्याचं नाव कुठलं ध्यानात ऱ्हायला?”

माझ्या चहाचे पैसे त्यानंच दिले. मी नको म्हणालो तरी दिले. शेजारचा मात्र आपला मोबाईल हळूच खिशात सारत होता. त्याला मी काही विचारलं नाही.

तिथून मी सरळ चिप भरणाऱ्याच्या दुकानात गेलो. माणूस चाळिशीचा, गळ्यात माळ, बोलायला मऊ. त्यानं काही लपवलं नाही.

“काका, मी काय चोरी केली का? चिपीत जागा न्हवती. जागा करायची तर आधीचं सगळं आमच्या कॉम्प्युटरवर घ्याय लागतं, न्हायतर तुमचंच जातं. मग गिऱ्हाईक म्हणतंय, नवीन काय हाय ते भर. आम्ही सगळं एकदम भरतो. कोण बघत बसतंय काय काय हाय त्यात?”

त्यानं माझ्यादेखत ते पुसलं. वर म्हणाला, “आता निवांत ऱ्हावा.”

रात्री जेवताना मी मनात आकडेमोड केली. दुकानात रोज तीस मोबाईल येतात असं धरलं. त्यातल्या दहांनी प्रत्येकी दोघांना दिलं, त्या दोघांनी पुढं दोघांना. मिरजेपर्यंत हिशेब पोचायच्या आतच मी तो सोडून दिला. आयुष्यभर मी चुकलेली रक्कम कुठल्या पानावर चुकली ते शोधून दुरुस्त करत आलो. इथं पानच नव्हतं.

चौकीत गेलो. हवालदार वयानं मोठे होते, त्यांनी बसायला खुर्ची दिली आणि सगळं ऐकून घेतलं.

“अंगभर कापड हाय न्हवं? वंगाळ काय न्हाय न्हवं? मग कलम कुठलं लावू?”

“परवानगीशिवाय पसरवलंय.”

“कुणी पसरवलं? नाव सांगा. आणि तक्रार दिली तर मोबाईल जप्त व्हणार, पुरावा म्हणून चौघं बघणार, परत कोर्टात बघणार. पोरीचं नाव कागदावर येणार. चालतंय?”

ते चुकीचं काही बोलत नव्हते. मी उठलो.

गल्लीत प्रत्येकाचं एक मत होतं. पोरींनी नाचावंच कशाला, हे एक. पोरींना मोबाईल देऊ नये, हे दुसरं; मोबाईल तिचा नव्हता हे सांगूनही ते बदललं नाही. समोरच्या निवृत्त गुरुजींनी मला ओट्यावरून हाक मारली. “तीस वर्षं मी पोरांना निबंध घातला, विज्ञान शाप की वरदान. शेवटी सगळी लिहायची, वापरणाऱ्यावर अवलंबून. मीही दहापैकी सात द्यायचो. आता शून्य देईन.” ते हसले. मग हसणं बरं नाही असं त्यांच्या लक्षात आलं असावं, ते आत गेले.

नव्वदच्या दशकात गल्लीतला पहिला फोन आमच्याकडे आला होता. अख्ख्या गल्लीनं आमचाच नंबर नातेवाइकांना दिलेला. कुणाचं लग्न मोडलं, कुणाची बदली झाली, सगळं आमच्या माजघरात मोठ्यानं बोललं जायचं आणि पाचसहा जण ऐकायचे. आम्हाला झाकून ठेवायची सवयच नव्हती. तेव्हा वाटायचं, काय बिघडलं? ऐकणारी माणसं उद्या नळावर भेटणारच होती.

घरात हे समजल्यावर भाची दोन दिवस कॉलेजला गेली आणि तिसऱ्या दिवशी अर्ध्यातून परत आली. काय झालं ते तिनं सांगितलं नाही. बायको स्वयंपाकघरात बसून राहिली. “बटण मी दाबलं,” एवढंच ती म्हणायची, आणि मी तिला म्हणायचो की सगळेच दाबतात.

चार दिवसांत मलकापुराहून दाजी आले, भाचीचे वडील. त्यांचं तिथं कापडाचं छोटं दुकान. त्यांना गिऱ्हाइकानंच दाखवलं होतं. ते चहा प्यायले नाहीत. “पावणं, तुमच्यावर राग न्हाय. पर पोरगी नेतो,” म्हणाले. तिची पिशवी घेऊन ते पुढं चालले आणि ती मागून गेली.

परीक्षा तीन महिन्यांवर होती. तेवढ्यासाठी मी पुढच्या रविवारी मलकापूरला गेलो. दुकानाच्या मागच्या खोलीत दाजींसमोर बसून सगळं मांडलं. अडीच वर्षं झाली आहेत, तीन महिने उरले आहेत. आता सोडलं तर ती बारावी पासच राहील. मी स्वतः तिला कॉलेजात सोडीन आणि आणीन. माझी बहीण दारात उभी राहून ऐकत होती. “दादा म्हणतोय ते खरं हाय,” ती म्हणाली. दाजी बराच वेळ कापडाचा तागा गुंडाळत बसले.

“न्या,” ते शेवटी म्हणाले. “परीक्षेपुरतं न्या. लोक दोन्हीकडनं बोलणारच हाईत.”

मला खरोखर वाटलं की काम झालं. मी भाचीला म्हणालो, “आवर. साडेपाचची गाडी मिळेल.”

ती जागची हलली नाही. “मामा, मला यायचं न्हाय.”

“का? बाबा हो म्हणालेत.”

“हितं कुणी बघितलंय ते मला कळतं. ती माणसं मान खाली घालत्यात. तिथं मला काय कळायचं? बसमधला माणूस बघतोय तो सहज बघतोय का तसा, प्रॅक्टिकलला सर हसले ते कशाला हसले. दिवसभर तेच मोजत बसायचं. अभ्यास व्हत न्हाय मामा. मी करून बघितला.”

“थोड्या दिवसांनी लोक विसरतील.”

“विसरतील. पर त्यांच्या मोबाईलमध्ये ऱ्हाणार न्हवं?”

दाजीच मग तिला म्हणू लागले, “अगं, मी जा म्हणतोय न्हवं? मामा एवढं आल्यात.” आवाज त्यांचा पहिल्यासारखा नव्हता. तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पण मान वर केली नाही. बहिणीनं वाटेत खायला भाकरी बांधून दिली. ती दोघांना पुरेल एवढी होती.

मी एकटाच घरी पोचलो तेव्हा बायकोनं भाचीची खाट झाडून वर धुतलेली चादर घातली होती. दार उघडल्यावर तिनं माझ्या मागं पाहिलं आणि ती बाजूला सरली.