बर्फाची गाडी वारंगा फाट्यावर

आमच्या टीममध्ये कुणी नवीन आलं की पहिल्याच आठवड्यात मागं लागतं, "मॅडम, ध्रुवावरचे किस्से सांगा ना." आता काय सांगू? गाडी निघाली होती दक्षिण ध्रुवाकडं, पण किस्से जमले ते सगळे हिंगोली जिल्ह्यात! एक सांगायला घेतला की दुसरा आठवतो आणि हातातला चहा गार होतो.

तर गाडी म्हणजे बर्फावर चालणारी, प्रयोग म्हणून बांधलेली एकुलती एक. टायर माझ्या डोक्याच्या वर. आत चार माणसांना झोपायला, रांधायला, काम करायला जागा. आमच्या काळे सरांनी निम्मी नोकरी तिच्यात घातली होती आणि मार्चमध्ये ते रिटायर होणार होते. तिकडं जाणारं जहाज वर्षातून एकदाच सुटतं. या वर्षी चुकलं असतं तर गाडीसोबत दुसराच कुणी गेला असता, सर नाही.

आणि गाडी घेऊन बंदराकडं निघालेला आमचा लांबलचक ट्रेलर वारंगा फाट्यावर बसला! चाकांवरची मोठी पिन तुटली. कंपनी म्हणाली, नवीन पार्ट पंधरा दिवसांनी येईल. जहाज होतं बाराव्या दिवशी.

*

दुरुस्तीसाठी गाडी खाली उतरवणं भाग होतं. रस्त्याला लागूनच सुमनमावशींचं वावर, सोयाबीन नुकतंच काढलेलं. मी याच जिल्ह्यातल्या पुसेगावची, त्यामुळं बोलणं जुळायला वेळ लागला नाही. "लाव की माय," एवढंच त्या म्हणाल्या.

तासाभरात निम्मं गाव जमलं. एका आजोबांनी गाडीभोवती पूर्ण फेरी मारली आणि सरांना विचारलं, दिवसाला किती एकर करती? सरांनी सांगितलं, शेतीची नाही, बर्फावर जाते. तिथं कोण राहतं? कुणीच नाही. मग जाऊन करता काय? सर म्हणाले, बर्फ किती जुना आहे ते बघतो.

आजोबांनी टायरवर थाप मारली. मग म्हणाले, "बघून या. पण आल्यावर आमाला बी सांगा, निसतं सरकारला सांगू नका."

सरांनी त्यांचं नाव डायरीत लिहून घेतलं.

*

ही गाडी उणे पन्नासमध्ये आतली ऊब टिकावी म्हणून बांधलेली. एसी नाही, ध्रुवावर कशाला लागतो? वारंगा फाट्यावरचं ऑक्टोबरचं ऊन कुणी हिशेबात धरलंच नव्हतं. आतलं वायरिंग तपासायला सर चढले आणि दहा मिनिटांत घामानं निथळत बाहेर आले.

गॅरेजवाल्या गफारभाईंनी घरचा कूलर आणला, स्टुलावर ठेवून दाराला लावला आणि वर ओलं पोतं टाकलं. त्या दिवशीच्या अहवालात सरांनी इमानदारीत लिहिलं, "केबिनचे तापमान समाधानकारक. वापरलेले साधन: गफारभाईंचा कूलर." वरच्या ऑफिसातून फोन आला, हे कुठल्या कंपनीचं मॉडेल?

*

पिनही गफारभाईंनीच केली. सरांनी ड्रॉइंग मागितलं तर त्यांनी खडू घेऊन फरशीवर काढून दाखवलं. सरांनी विचारलं, लोडचं कॅलक्युलेशन?

"साहेब, उसानं ठेचून भरलेल्या ट्रॉल्यांना हीच चालते. तुमची गाडी तर मोकळीच हाय."

सर पुण्याचे. त्यांना हसावं की घाबरावं कळेना. पण लेथवर तीन दिवस खपून गफारभाईंनी जी पिन दिली, ती बराबर बसली. खरं सांगते, त्या माणसाचे उपकार फिटायचे नाहीत.

*

मग आला दसरा. सर आणि मी बेअरिंग आणायला नांदेडला गेलो होतो. परत येऊन बघतो तर गाडी झेंडूनं भरलेली! आरशांना माळा, दारावर हळदकुंकू, टायरच्या खाचांत आपट्याची पानं खोचलेली. गफारभाईंनी स्वतः नारळ आणून दिला होता. दसऱ्याला दारातलं वाहन बिनपूजेचं ठेवायचं कसं? त्यात आदल्या दिवशी पाऊस पडून गेलेला, म्हणजे खाचांत काळी माती, तिच्यात सोयाबीनचा भुसा आणि वरून झेंडूच्या पाकळ्या.

सर मटकन बांधावर बसले.

त्या बर्फावर बाहेरचं काहीही जाऊ द्यायचं नाही असा नियम आहे. मातीचा कण नाही, गवताचं बी नाही. बंदरावर तपासनीस येतो, काही सापडलं तर गाडी खालीच राहते. आणि आम्हाला दुसऱ्या दिवशी निघायचं होतं.

सर कुणाला एका शब्दानं बोलले नाहीत. म्हणून तर मावशी घाबरल्या. "काय चुकलं माय?" म्हणून मलाच विचारायला आल्या. मी नियम सांगितला.

"म्हंजी तिथं एक बी काडी उगवू द्यायची न्हाई?"

"न्हाई."

"मंग बसून काहून राहिले साहेब? हे तर आमचंच काम हाय."

*

सकाळी गाडी ट्रेलरवर चढवली आणि मावशी अकरा बायका घेऊन आल्या. वावरात तण निंदायला बसतात तशा टायरला ओळीनं भिडल्या. केसांतल्या पिना, गोधडीच्या सुया, जुने टूथब्रश. एकीनं खाच साफ करायची, दुसरीनं मागून पुन्हा बघायची. निघालेलं सगळं खाली अंथरलेल्या चादरीत. मधूनमधून फवारणीच्या पंपानं पाणी. सरही खाली बसले. त्यांनी साफ केलेली खाच मावशींनी दोनदा नापास केली! दिवस कलायच्या आत काम झालं. गफारभाईंनी ताडपत्री आवळून बांधली आणि आम्ही निघालो.

बंदरावर तपासनीस टॉर्च आणि भिंग घेऊन तीन तास गाडीखाली होता. मी आणि सर उभे. शेवटी तो हात पुसत बाहेर आला. म्हणाला, काही नाही सापडलं, इतकी स्वच्छ गाडी मी पाहिलेली नाही, कुठली एजन्सी? आणि फॉर्म पुढं केला.

एजन्सीच्या रकान्यात सरांनी लिहिलं, "सुमनबाई आणि मंडळी, वारंगा फाटा." खालचा रकाना होता, या कामाचा अनुभव. सर आकड्याच्या बाबतीत फार काटेकोर. अंदाजानं लिहायचे नाहीत. त्यांनी मावशींना फोन लावला आणि विचारलं, निंदायचं-निवडायचं काम किती वर्षं करता?

"वर्षं कोण मोजून राहिलं साहेब? सासरी आल्यापासून लिवा."

सरांनी तसंच लिहिलं. तपासनीसानं ते वाचलं, एकदा सरांकडं बघितलं आणि शिक्का मारला.