बुडाचा नारिंगी रंग

आमच्या सोसायटीच्या इमारतीला कोणता रंग द्यायचा यावरून दोन वर्षं भांडण चाललं होतं. ते शेवटी मी मिटवलं. सेक्रेटरीला राखाडी हवा होता. मी मीटिंगमध्ये उभी राहून म्हटलं, "राखाडी दिलात तर मी मेंटेनन्स घ्यायला येणाऱ्याला दारात उभं करणार नाही," आणि बोरीवलीतली आमची सात मजली इमारत आज पिवळीधमक आहे. सांगायचं कारण, रंगाच्या बाबतीत मी कुणाचं ऐकून घेणारी बाई नाही. पण मुलाच्या होडीपुढे माझी डाळ शिजली नाही.

होडी म्हटलं की तो चिडतो. "आई, यॉट म्हण गं." पंधरा वर्षं मोठ्या जहाजांवर नोकरी केली, आणि आता ही स्वतःची घेतली. जुनी, चाळीस फुटी, शिडाची. मढला खाडीकाठी एका शेडमध्ये डागडुजीला ठेवली होती. तिच्यातून तो, सून आणि माझी आठ वर्षांची नात मालदीव, सेशेल्स करत पार आफ्रिकेपर्यंत जाणार. दोन वर्षं! नातीची शाळासुद्धा होडीतच. मी रडले, ओरडले, अबोला धरला, सुनेच्या आईला फोन करून तिलाही रडवलं. काडीचा उपयोग झाला नाही. सगळं ठरलेलं होतं, मला फक्त कळवलं होतं.

मग एका रविवारी त्याने रंगांचं शेड कार्ड माझ्यापुढे ठेवलं. म्हणाला, "रंग तू निवड." रडणाऱ्या पोराच्या हातात खुळखुळा देतात ना, तसलाच प्रकार. मला कळत का नव्हतं? तरी मी चष्मा लावला.

माझ्या आईचं माहेर देवगडकडचं, मासेमारीचं. तिकडे ज्याच्या त्याच्या होडीचे रंग ठरलेले. बायका किनाऱ्यावर उभ्या राहायच्या आणि आपली कुठली, कोण अजून यायचंय, ते रंगावरून ओळखायच्या. आई म्हणायची, "घोव दिसायच्या आदी होडयेचो रंग दिसता." म्हणून मी कार्डावरच्या सगळ्यात भडक नारिंगीवर बोट ठेवलं.

"आई, हा उन्हात तापेल गं. आत पोरगी भाजून निघेल. वरून पांढराच लागतो."

"मग विचारलंस कशाला, मेल्या?"

पण पोरीचं नाव काढल्यावर मी कार्डावरचं बोट उचललं. त्याने कार्ड स्वतःकडे ओढलं. मग म्हणाला, "पाण्याखालच्या भागाला देऊ तुझा नारिंगी. तो तापायचा प्रश्न नाही. शेवाळ, शिंपले चिकटू नयेत म्हणून तिथे वेगळाच रंग लावतात, त्यात हा मिळतो."

खोटं कशाला सांगू, मी हरखले. एवढ्या मोठ्या कारभारात एक गोष्ट तरी माझी झाली. मालाडहून बस पकडून दोनदा मढला गेले, प्लास्टिकच्या खुर्चीत बसले आणि तिथल्या म्हाताऱ्या कोळी रंगाऱ्याला "इथे पातळ झालाय, तिथे सुटलाय" करून हैराण केलं. तो म्हणाला, "काकी, तुम्ही हापिसात सायबीन होता काय हो?" नातीनेही ब्रश मारला, आणि फ्रॉकची वाट लावली.

भरती बघून होडी पाण्यात सोडली. नारळ फोडला. चाकांच्या गाड्यावरून ती हळूहळू उतरत होती, आणि माझा नारिंगी वीत वीत करत पाण्याखाली जात होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वर राहिली नुसती पांढरी होडी, शेजारच्या चार होड्यांसारखी.

मी रंगाऱ्याला विचारलं, "आता माझा रंग कधी दिसायचा?"

"आता कशाला दिसतो, काकी? परत रंगवायला वर काढतील तवा. नायतर मग..." म्हणाला, आणि दोर गुंडाळायला लागला.

मला समजायला एक मिनिट लागलं. नाहीतर मग होडी उलटली की. तिथल्या एका पिंपावर बसले. मुलगा धावत आला. मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

तो खोटं बोलला नाही. "लांब जाणाऱ्या होड्यांना खालून असाच देतात, आई. शोधायला आले तर विमानातून दिसावा म्हणून. तू निवडला नसतास तरी मी हाच दिला असता."

म्हणजे त्याने सगळा विचार केला होता. उलटण्याचासुद्धा. आणि तरी तो पोरीला घेऊन जाणार होता. नात खोबरं चावत आली आणि म्हणाली, "आजी, तुझा रंग गेला की!"

"आहे गं खाली," मी म्हटलं.

त्यांना जाऊन पाच महिने झाले. बंदर लागलं की नात होडीचा फोटो पाठवते. मी तो मोठा करून होडीच्या खालची कड बघते. पांढऱ्याच्या खाली नुसतं पाणी दिसलं की मगच चहा ठेवते. इमारतीच्या पिवळ्या रंगावरून सेक्रेटरी अजून टोमणे मारतो. मी हल्ली त्याला उत्तर देत नाही.

सकाळी दिवा लावते तेव्हा देवाला तेवढंच सांगते. रंगवायला वर काढतील तेव्हाचं सोड, पण एरवी, बाबा रे, मी निवडलेला रंग कुणाच्याही नजरेस पडू देऊ नकोस.